हायपेशियाला नेमकं कशासाठी मारलं? ‘अगोरा’ पाहून पडलेल्या प्रश्नांना उत्तर

तुमचा प्रश्न असा: २००९ चा ‘अगोरा’ पाहिला. त्यातली अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया खरी किती आणि सिनेमातली किती? तिथलं ग्रंथालय ख्रिस्ती जमावाने उद्ध्वस्त केलं का? पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरते हे तिला खरंच उमगलं होतं का? विज्ञानासाठी तिचा बळी गेला असं म्हणावं का? आणि अकरावी-बारावीच्या मुलांना हा चित्रपट दाखवावा का?

मी गणिताचा आणि खगोलशास्त्राचा इतिहास शिकवतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतच असतात. थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: तिचा खून खरा, मारणारे बहुतांशी खरे, पण खुनाचं कारण अलेहांद्रो अमेनाबार या दिग्दर्शकाने बदललं आहे. लोकांच्या लक्षात राहतात ते प्रसंग (लंबवर्तुळ, ग्रंथालय) सगळ्यात कच्चे आहेत. बघताना जे जरा कंटाळवाणं वाटतं, ते सुभेदार आणि बिशप यांचं राजकारण मात्र बरंचसं पक्कं आहे.

लंबवर्तुळापासून सुरुवात करतो, कारण तिथे घोळ सगळ्यात मोठा आहे. चित्रपटात हायपेशिया अ‍ॅरिस्टार्कस या जुन्या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाचं सूर्यकेंद्री मत उकरून काढते, चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून गाठोडं खाली टाकून बघते, आणि शेवटी शंकूच्या लाकडी प्रतिकृतीवरून तिला ग्रहांची कक्षा सुचते. यातलं काहीही कुठल्याच जुन्या साधनात नाही. जहाजावरचा तो प्रयोग गासेंदी या फ्रेंच विद्वानाने १६४० मध्ये केला. लंबवर्तुळाकार कक्षा केप्लरने १६०९ मध्ये मांडली, आणि तीही काही बसल्या बसल्या सुचली नव्हती. टायको ब्राहेने वर्षानुवर्षं घेतलेली मंगळाची निरीक्षणं त्याच्या हाताशी होती, आणि गणित व निरीक्षण यांच्यात उरलेला ८ कलांचा फरक त्याला सोडवत नव्हता. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण पाव रुंदीइतकं अंतर. इतकी बारीक निरीक्षणं हायपेशियाच्या काळात कुणाकडेच नव्हती. तेव्हा ‘ती जगली असती तर केप्लरच्या बाराशे वर्षं आधी शोध लागला असता’ हे गृहीत आपण शांतपणे बाजूला ठेवू.

मग तिने केलं काय? तिचा बाप थिऑन हा म्यूझियन या अलेक्झांड्रियातल्या विद्यापीठवजा संस्थेशी ज्यांचं नाव जोडलेलं सापडतं अशांतला शेवटचा विद्वान. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’ची त्याने केलेली प्रत इतकी रुळली, की १८०८ मध्ये व्हॅटिकनमधलं एक वेगळं हस्तलिखित उजेडात येईपर्यंत युरोपात ग्रीक युक्लिड म्हणजे थिऑनचा युक्लिड हेच समीकरण होतं. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या खगोलगणिताच्या ग्रंथावरही त्याने भाष्य लिहिलं. त्यातल्या तिसऱ्या खंडाच्या मथळ्यात तो सांगतो, की ही आवृत्ती माझी कन्या, तत्त्वज्ञ हायपेशिया हिने तपासली आहे. हा तिसरा खंड कशाबद्दल आहे? सूर्याच्या गतीबद्दल, म्हणजे पृथ्वी मध्यभागी स्थिर धरून सूर्य तिच्याभोवती कसा फिरतो याबद्दल. जिच्या हस्ते चित्रपटाने पृथ्वी हलवली, तिचं नाव ज्या एकमेव उपलब्ध लिखाणाशी जोडलेलं आहे, ते पृथ्वी स्थिर मानणारं आहे. यात तिला कमीपणा काहीच नाही. त्या काळी जगातलं सगळ्यात बारकाईचं गणित तेच होतं.

याशिवाय डायोफँटसचं अंकगणित आणि अपोलोनियसचे शंकुच्छेद (शंकू कापल्यावर मिळणारे वक्र) यांवर तिने भाष्यं लिहिली, असं ‘सूडा’ या दहाव्या शतकातल्या बायझंटाइन कोशात नोंदलं आहे. अपोलोनियसचा धागा दिग्दर्शकाने इथूनच उचलला. लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त हे सगळं तिला तोंडपाठ असणार हे नक्की. आकाशाला ते लावून बघण्याचं कारण मात्र तिला नव्हतं.

एक गोष्ट आपल्याकडची म्हणून सांगतो. अलेक्झांड्रियाचं हे ज्योतिषगणित भारताला परकं नव्हतं. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिके’त यवनपूर आणि उज्जैन यांच्यातलं रेखांशाचं अंतर सव्वासात नाडींहून किंचित जास्त, म्हणजे ७ नाडी २० पळं, असं दिलं आहे. एक नाडी म्हणजे ६ अंश, तेव्हा त्याचे होतात ४४ अंश. हे यवनपूर म्हणजे अलेक्झांड्रियाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या नकाशावर दोन्ही शहरांतलं अंतर ४६ अंशांच्या आसपास भरतं. त्या काळाच्या मानाने उत्तर बरंच जवळ आहे.

आता ग्रंथालय. चित्रपटाच्या पूर्वार्धात सेरापियम या भव्य देवळाला वेढा पडतो, ख्रिस्ती जमाव आत घुसतो आणि गुंडाळ्यांच्या गुंडाळ्या बाहेर फेकल्या जातात. सेरापियम पाडलं गेलं हे खरं. साल ३९१ किंवा ३९२, बादशहा थिओडोसियस पहिला, बिशप थिओफिलस. सुरुवात कशी झाली हेही चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखवलं आहे. जुन्या देवतांच्या पूजावस्तूंची भर चौकात टिंगल झाली, तेव्हा चिडलेल्या मूर्तिपूजकांनीच पहिला हल्ला केला आणि मग ते देवळात दडून बसले. त्यांच्यातल्या हेलाडियस नावाच्या व्याकरणपंडिताने पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये बढाई मारली होती, की त्या दंगलीत मी स्वतः नऊ जणांना मारलं. व्याकरणाचा मास्तर! या प्रकरणात ज्यांचे हात स्वच्छ राहिले असे फार थोडे होते.

पण पुस्तकं? त्या विध्वंसाची पाच-सहा वर्णनं उपलब्ध आहेत, ख्रिस्ती लेखकांची आहेत तशी युनेपियससारख्या कट्टर मूर्तिपूजकाचंही आहे. युनेपियसला ख्रिस्ती साधूंचा इतका तिटकारा होता, की पुस्तकं जळली असती तर त्याने नक्कीच बोंब ठोकली असती. एकाही वर्णनात पुस्तकांचा उल्लेख नाही. अमियानस मार्सेलिनस हा इतिहासकार विध्वंसाच्या सुमारास लिहीत होता, आणि तो सेरापियममधल्या ग्रंथसंग्रहांबद्दल भूतकाळात बोलतो. टॉलेमी राजांचं (‘अल्माजेस्ट’वाला टॉलेमी वेगळा) मूळ मोठं ग्रंथालय तर केव्हाच क्षीण झालेलं होतं. इ. स. पूर्व ४८ मधली सीझरच्या वेळची आग, पुढे २७० नंतरच्या दशकात ऑरेलियन बादशहाच्या लढाईत बेचिराख झालेला राजवाड्याचा परिसर, आणि या सगळ्याच्या मध्ये शतकानुशतकं झालेलं दुर्लक्ष. पपायरसच्या गुंडाळ्या कुणी पुन्हा नकलून ठेवल्या नाहीत तर आग न लावताही संपतात. शिवाय सेरापियमच्या दंगलीत हायपेशिया हजर होती किंवा थिऑन तिथल्या जखमांनी मेला, असं कुठेच म्हटलेलं नाही. ते सगळं पटकथेतलं.

इथवर चित्रपटावर टीकाच केली. आता जिथे तो मजबूत आहे तिथे जरा थांबतो.

हायपेशियाच्या मृत्यूबद्दलचं मुख्य साधन म्हणजे सॉक्रेटिस नावाच्या चर्चच्या इतिहासकाराचा ग्रंथ. (विषाचा पेला घेतलेला तो सॉक्रेटिस वेगळा, दोघांत आठशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे.) हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये राहायचा, स्वतः ख्रिस्ती होता, आणि घटनेनंतर जेमतेम पाव शतकाने लिहीत होता. नोव्हेशियन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाबद्दल त्याला आपुलकी होती, आणि सायरिलने अलेक्झांड्रियाचा बिशप झाल्या झाल्या त्याच पंथाची चर्चेस बंद करून मालमत्ता ताब्यात घेतली होती. म्हणून सायरिलबद्दलचा त्याचा राग थोडा चाळून घ्यावा लागतो. तरीही घटनाक्रम त्याच्याइतका नीट कुणीच दिलेला नाही.

तो क्रम असा. ऑक्टोबर ४१२ मध्ये थिओफिलस वारला. गादीसाठी त्याचा पुतण्या-भाचा जो काही असेल तो सायरिल आणि टिमोथी नावाचा आर्चडीकन (बिशपचा मुख्य मदतनीस) यांच्या समर्थकांत रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या आणि सायरिल जिंकला. बादशहाने नेमलेला सुभेदार होता ओरेस्टीस. तोही ख्रिस्तीच, कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपकडून बाप्तिस्मा घेतलेला. भांडण कशावरून पेटलं? ज्यू लोकांच्या शब्बाथच्या दिवशी होणाऱ्या नाचगाण्यांच्या खेळांवरून. ओरेस्टीस नाट्यगृहात त्याबद्दलचा हुकूम जाहीर करत असताना हायरॅक्स नावाचा शाळामास्तर तिथे दिसला. सायरिलच्या प्रवचनांना टाळ्यांचा गजर करण्यात हा सगळ्यांच्या पुढे असायचा. ज्यूंनी ओरडा केला, की हा दंगल घडवायला आला आहे. ओरेस्टीसने त्याला तिथेच सर्वांसमक्ष फटके मारवले. सायरिलने ज्यू पुढाऱ्यांना धमकावलं. एका रात्री ज्यूंनी चर्चला आग लागल्याची हूल उठवून बाहेर धावत आलेल्या ख्रिस्ती लोकांची कत्तल केली. सकाळी सायरिल जमाव घेऊन निघाला, सिनेगॉग ताब्यात घेतले, ज्यूंना शहराबाहेर हाकललं. चित्रपटाने हा क्रम थोडा सरमिसळ केला आहे, पण एका दगडाने दुसरा दगड कसा येतो हे त्यात नीट कळतं.

सुभेदाराला हे असह्य झालं, कारण शहरातून कुणाला हाकलायचं हा अधिकार त्याचा. दोघांनी बादशहाकडे तक्रारी पाठवल्या. सायरिल तडजोडीसाठी बायबल पुढे करून गेला, ओरेस्टीस बधला नाही. मग नायट्रियाच्या डोंगरातून सुमारे ५०० साधू शहरात उतरले, त्यांनी ओरेस्टीसचा रथ अडवला, आणि अमोनियस नावाच्या साधूने फेकलेल्या दगडाने सुभेदाराचं डोकं रक्तबंबाळ झालं. सुभेदाराने केलेल्या छळात अमोनियस मेला. सायरिलने त्याला हुतात्मा जाहीर करून टाकलं, पण शहरातल्या समंजस ख्रिस्ती लोकांनाही ते पटलं नाही, आणि पुढे सायरिलनेच ते प्रकरण विस्मरणात जाऊ दिलं.

हायपेशिया या गोष्टीत येते ती इथे, शेवटाकडे. ओरेस्टीस तिच्याकडे वारंवार जायचा, सल्ला घ्यायचा. अफवा उठली, की सुभेदार आणि बिशप यांचा समेट होत नाही तो या बाईमुळे. मार्च ४१५, ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे दिवस. चर्चमध्ये वाचकाचं काम करणारा पीटर नावाचा माणूस पुढारी होता. घरी परतताना तिला गाडीतून ओढलं, सीझेरियम या चर्चमध्ये नेलं, विवस्त्र केलं, फुटक्या खापऱ्यांनी मारलं, शरीराचे तुकडे केले आणि ते सिनारॉन नावाच्या जागी नेऊन जाळले. सायरिलने हुकूम दिला असं सॉक्रेटिस म्हणत नाही. हे सायरिलच्या आणि अलेक्झांड्रियाच्या चर्चच्या नावाला लागलेलं लांच्छन आहे, एवढं मात्र तो स्वच्छ लिहितो, स्वतः ख्रिस्ती असून.

यात खगोलशास्त्र कुठे आहे? जवळजवळ नाहीच. ‘जवळजवळ’ म्हणायचं कारण म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरचा निकियूचा बिशप जॉन. त्याच्या मते ती अ‍ॅस्ट्रोलेब आणि वाद्यांच्या नादी लागलेली चेटकीण होती, सुभेदाराला तिने भुलवलं होतं, आणि तिला मारणं हे पुण्याचं काम झालं. अ‍ॅस्ट्रोलेब म्हणजे आपल्याकडे पुढे ज्याला यंत्रराज म्हणू लागले ते आकाश मोजायचं यंत्र. तिचं गणित जमावाला जादूटोणा वाटलं असण्याची शक्यता आहेच. पण तिच्याइतकंच गणित येणारे इतर लोक त्या शहरात सुखाने जगत होते. तिचं वेगळेपण हे होतं, की एका बाईच्या ओसरीवर शहराचे अंमलदार येऊन बसायचे. डमास्कियस या मूर्तिपूजक तत्त्वज्ञाने शंभरेक वर्षांनी सांगितलेली हकीकत हेच सुचवते: सायरिल तिच्या घरावरून जात असताना दारात घोड्यांची आणि माणसांची गर्दी दिसली, कुणाचं घर म्हणून त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून त्याच्या मनात मत्सर पेटला. हकीकत रचलेली असू शकते. पण लोकांना खुनाचं कारण म्हणून जे पटत होतं, ते मत्सर आणि वजन हे होतं. लंबवर्तुळ नव्हतं.

खुनाची तऱ्हाही याच बाजूला बोट दाखवते. ३६१ मध्ये याच शहरात जॉर्ज नावाच्या बिशपला जमावाने ठार केलं, प्रेत शहरभर फिरवून जाळलं, राख समुद्रात टाकली. तेव्हा जमाव मुख्यतः मूर्तिपूजकांचा होता. ४५७ मध्ये प्रोटेरियस या बिशपचंही प्रेत असंच ओढत नेऊन जाळलं, तेव्हा जमाव ख्रिस्ती होता. शहराचा वैरी ठरवलेल्या माणसाला संपवण्याची ती तिथली रीतच पडून गेली होती. हायपेशियाला त्या रीतीने मारलं, म्हणजे तिला धर्मलंड विदुषी म्हणून नव्हे तर शहराच्या राजकारणातला अडसर म्हणून मारलं, असं माझं मत. धर्मवेड यात होतंच. पण ते सत्तेच्या भांडणावर स्वार होऊन आलं, एकटं आलं नाही.

सीझेरियमच्या दाराशी दोन जुने इजिप्शियन स्तंभ उभे होते, थुतमोस तिसऱ्याच्या काळातले. त्यातला एक आज लंडनला थेम्सच्या काठी आहे, दुसरा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. दोन्ही शहरांत मराठी माणसं भरपूर आहेत, जवळ राहत असाल तर जाऊन बघा.

पात्रांच्या बाबतीत दिग्दर्शकाने घेतलेल्या सवलती भराभर सांगतो. डेव्हस हा गुलाम पूर्णपणे काल्पनिक. शेवटी तो तिला श्वास कोंडून आधीच मारतो आणि पुढचं हालहाल वाचवतो, ही प्रेक्षकांवर केलेली दया आहे, तिच्यावर कुणी केली नाही. मला तो शेवट खटकतो, कारण तिच्या मृत्यूचा अर्थ त्यामुळे एका पुरुषाच्या प्रेमात जाऊन अडकतो. ओरेस्टीस तिचा विद्यार्थी किंवा प्रेमिक असल्याचा पुरावा नाही. प्रेमात पडलेल्या विद्यार्थ्याला तिने पाळीचा कपडा दाखवून ‘तुझं प्रेम यावर आहे, सौंदर्यावर नव्हे’ असं सुनावलं, ही गोष्ट डमास्कियसकडे आहे, पण विद्यार्थ्याचं नाव तिथे नाही. आणि खुनाच्या वेळी ती तिची भूमिका करणाऱ्या रेचल वाइझच्या वयाची नसावी. तिच्या जन्माचा अंदाज ३५० ते ३७० असा करतात, म्हणजे ४५ ते ६५. मलालस हा इतिहासकार तर तिला म्हातारीच म्हणतो.

सगळ्यात मोठा अन्याय तिचा शिष्य सिनेसियस याच्यावर झाला आहे. चित्रपटात तो बिशप होऊन परततो आणि ओरेस्टीसला व हायपेशियाला नमतं घ्यायला लावू पाहतो. खरा सिनेसियस तिच्या आधीच, ४१३ च्या सुमारास वारला असावा, कारण त्यानंतरचं त्याचं एकही पत्र सापडत नाही. तो टॉलेमेइसचा बिशप झाला खरा, पण तिच्यावरची त्याची भक्ती तसूभरही कमी झाली नाही. तिला लिहिलेली त्याची सात पत्रं उरली आहेत. एकात तो द्रवाची घनता मोजायची नळी करून पाठवायला सांगतो, आणि ती कशी असावी याचं इतकं नेमकं वर्णन करतो की आजही त्यावरून कुणी ती बनवू शकेल. शेवटच्या पत्रांत मुलं गेल्याच्या दुःखाने खचलेला हा बिशप एका मूर्तिपूजक बाईला आई, बहीण आणि गुरू म्हणतो. हे चित्रपटात असतं तर ‘ख्रिस्ती विरुद्ध तत्त्वज्ञ’ ही सरळसोट मांडणी उभी राहिली नसती, म्हणूनच बहुधा ते गाळलं.

तिच्या बरोबर अलेक्झांड्रियाची विद्या संपली, अंधारयुग आलं, हेही खरं नाही. शंभर वर्षांनी तिथेच जॉन फिलोपोनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलच्या गतीच्या कल्पनांना छेद देत होता. पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी कोम अल-दिक्का इथे उकरलेली व्याख्यानगृहं, सुमारे वीस, पायऱ्यापायऱ्यांची बाकं असलेली, तिच्या नंतरच्या काळातली आहेत.

खुनानंतर कुणाला शिक्षा झाली असं सॉक्रेटिस सांगत नाही, आणि ओरेस्टीस साधनांतून नाहीसाच होतो. ४१६ मध्ये एक शाही फर्मान निघालं: पॅराबलानी, म्हणजे आजाऱ्यांच्या सेवेसाठी असलेलं बिशपचं पथक, पाचशेच्या वर नको, नेमणूक सुभेदाराने मंजूर करायची, त्यांनी नाट्यगृहात, सभेत, कचेरीत फिरकायचं नाही. चित्रपटातले काळ्या कपड्यांतले गुंड ते हेच. तिच्या खुनात ते होते असं सॉक्रेटिस म्हणत नाही, पण या फर्मानाची वेळ बोलकी आहे. दोनच वर्षांत, ४१८ मध्ये, संख्या सहाशेवर गेली आणि नेमणूक पुन्हा बिशपकडे आली. सायरिलला १८८२ मध्ये रोमच्या चर्चने ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ हा मान दिला.

मुलांना दाखवायचा का? दाखवा. पण आधी सॉक्रेटिसच्या सातव्या भागातलं पंधरावं प्रकरण वाचून घ्या, ते जेमतेम पानभर आहे. वेळ कमी असेल तर पूर्वार्ध सोडून द्या आणि ओरेस्टीस सुभेदार झाल्यापासून पुढचा भाग दाखवा. बघून झाल्यावर प्रत्येकाला एकच काम द्या: एक प्रसंग निवडायचा आणि तो सॉक्रेटिसमध्ये आहे, डमास्कियसमध्ये आहे, निकियूच्या जॉनमध्ये आहे, की फक्त पटकथेत आहे हे शोधायचं. मूर्तिपूजक, ख्रिस्ती, ज्यू यांतलं कोण ‘आपलं’ असं मुलं ठरवू लागली, तर त्यांना हेलाडियसची ती बढाई ऐकवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हायपेशियाच्या नावाने फिरणारी सुभाषितं वर्गाच्या फलकावर लावू नका. ती बहुतेक एल्बर्ट हबर्ड या अमेरिकन लेखकाने १९०८ मध्ये तिच्या तोंडी घातली. तिचं म्हणून दाखवलं जाणारं बाजूने काढलेलं रेखाचित्रही त्याच पुस्तिकेसाठी काढलेलं आहे. तिच्या स्वतःच्या नावाने लिहिलेला एकही ग्रंथ आज आपल्या हातात नाही. सिनेसियसची पत्रं आहेत, ती वाचायला द्या.